इंग्रजी संभाषण : रूढ समजुती आणि वस्तुस्थिती

छत्रपती संभाजीनगरात पदवीच्या वर्गापर्यंत पोचलेल्या, आपल्या विषयात उत्तम गती असलेल्या, परंतु चर्चासत्रात इंग्रजीतून दोन वाक्ये बोलण्याचा प्रसंग येताच मान खाली घालणाऱ्या विद्यार्थ्यांच्या मनात जी एक समजूत खोलवर रुजलेली आढळते, ती अशी की, ज्याचे शालेय शिक्षण मराठीतून झाले त्याला उच्च दर्जाचे इंग्रजी बोलणे जन्मभर साधावयाचे नाही. या समजुतीने जितकी गुणी मुले मुकी केली आहेत, तितकी व्याकरणाच्या कोणत्याही काठिण्याने केली नसतील. म्हणून तिचा परामर्श प्रथम घेणे अवश्य आहे.

या शहराचा इतिहासच तिच्या विरुद्ध साक्ष देतो. सप्टेंबर 1948 मध्ये निजामी अंमल संपुष्टात येईपर्यंत मराठवाड्यात दरबार, कचेरी आणि वरिष्ठ शिक्षण यांवर उर्दूचा वरचष्मा होता. 1918 साली हैदराबादेस स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच होते. अशा मुलखातील याच शहरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीमार्फत 1950 मध्ये जे महाविद्यालय उघडले आणि जे पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून नावारूपास आले, त्याची दारे इंग्रजी घरात असलेल्यांसाठी नव्हे, तर ज्यांच्या घरात अक्षरही नव्हते त्यांच्यासाठी प्रामुख्याने उघडी होती. कॅनडातील शिक्षणतज्ज्ञ जिम कमिन्स यांनी 1979 पासून जे प्रतिपादन केले तेही याच दिशेचे आहे : कारणे देणे, तुलना करणे, आक्षेपाला उत्तर देणे ही बौद्धिक सामर्थ्ये एका भाषेत कमावली की दुसऱ्या भाषेतही उपयोगी पडतात, मात्र नवी भाषा शिकणाऱ्या मुलांना रोजच्या बोलण्यापुरती भाषा साधारण दोन वर्षांत येत असली, तरी अभ्यासविषयाची भाषा आत्मसात व्हावयास पाच वर्षे किंवा अधिक काळ लागतो. तेव्हा मराठी हा अडसर नसून भांडवल आहे, आणि काही आठवड्यांत अस्खलित इंग्रजीची हमी देणाऱ्या पाट्यांवर विसंबणे व्यर्थ आहे.

दुसरी समजूत उच्चाराची. विलायती वळण आले म्हणजे भाषा आली, असे मानून कित्येक तरुण चित्रपटांतील पात्रांची नक्कल करीत बसतात. मरे मन्रो आणि ट्रेसी डर्विंग या संशोधकांनी 1995 मध्ये दाखवून दिले की, ज्या वक्त्यांचे परके वळण श्रोत्यांच्या कानांना स्पष्ट जाणवत होते, त्यांचेही बोलणे पुष्कळदा पूर्णपणे समजत होते. आपले मराठी वळण लपविण्याचे त्यामुळे काहीच कारण नाही. जपावयास हवा तो शब्दातील आघात, आणि याकडेच आपल्याकडे दुर्लक्ष होते. मराठीत बोलताना आपण ‘डेव्हलप’ या शब्दाच्या आरंभीच्या ‘डे’वर जोर देतो, इंग्रजीत तो ‘डि’ असा ओझरता उरकून मधल्या अक्षरावर द्यावा लागतो. ‘फोटोग्राफ’मध्ये जोर पहिल्या अक्षरावर असतो, पण छायाचित्रकारासाठीचा शब्द उच्चारताना तो दुसऱ्यावर सरकतो आणि ऐकू येते ‘फटॉग्रफर’. मराठीत अशा आघाताने सहसा अर्थ बदलत नसल्याने आपला कान त्याला सरावलेला नसतो. शब्दकोशात दिलेली आघातचिन्हे पाहून, शब्द मोठ्याने म्हणून, ही तालीम स्वतःच करावी लागते.

भरभर बोलणे म्हणजे प्रभुत्व, हाही एक भ्रमच. वाक्यखंड संपेल तेथे थांबणारा वक्ता श्रोत्यास विचार करण्यास अवकाश देतो. शब्दाच्या मध्येच अडणारा देत नाही, इतकाच काय तो भेद.

पाठांतराने वक्तृत्व येते, या समजुतीला मात्र सविस्तर उत्तर द्यावयास हवे. 17 डिसेंबर 1946 रोजी संविधान सभेत उद्दिष्टांच्या ठरावावर चर्चा चालू असताना अध्यक्ष राजेंद्रप्रसादांनी बाबासाहेबांचे नाव अनपेक्षितपणे पुकारले. यादीत त्यांच्या आधी वीस-बावीस नावे होती, आणि त्यांनी आपले आश्चर्य सभेपुढे बोलूनही दाखविले. तरीही ठराव तहकूब ठेवावा या बॅ. जयकरांच्या सूचनेच्या बाजूने त्यांनी सुसंगत युक्तिवाद मांडला, एडमंड बर्कचा दाखला दिला आणि देशाच्या ऐक्याविषयीचा आपला विश्वास निःसंदिग्ध शब्दांत व्यक्त केला. सातारा आणि मुंबईत शिकून कोलंबिया व लंडन येथील विद्यापीठांत पदव्या संपादन केलेल्या या मराठीभाषक पुरुषाजवळ त्या क्षणी लिखित भाषण नव्हते. होता तो वर्षानुवर्षे केलेला अभ्यास.

याच कारणास्तव विद्यार्थ्याने पाठ केलेल्या उताऱ्यांऐवजी स्वतःच्या विषयातील एखादा मुद्दा घ्यावा, ‘मला असे का वाटते’ हे आधी मराठीत कोणाशी तरी वाद घालून पक्के करावे, आणि मग केवळ चार टिपणांच्या आधारे तोच इंग्रजीत मांडावा. चर्चासत्रात भाषण संपल्यावर निदान एक प्रश्न इंग्रजीतून विचारावा. चुकले तर वाक्य पुन्हा जुळवावे. आणि अध्यापकांनीही, केवळ लेखी उत्तरपत्रिका तपासून भाषेचा हिशेब पुरा झाला असे न मानता, तोंडी परीक्षेत दिलेल्या उत्तरावर आणखी एक ‘का?’ अवश्य विचारावा.