देशमुख हे आडनाव आले कोठून?

विद्यार्थिमित्रांनो, अकोल्यातील एखाद्या शाळेचा हजेरीपट उघडला, तर त्यात एखादा तरी देशमुख सापडण्याचा संभव पुष्कळ! एकाच वर्गात तीन देशमुख असले, तर ते एकमेकांचे भाऊबंद असतील काय? चला, शोध घेऊ.

प्रथम शब्दाची फोड करा. 'देश' म्हणजे येथे सबंध भारत नव्हे, तर अनेक गावांचा मिळून झालेला परगणा. 'मुख' म्हणजे प्रमुख. परगण्याचा सारा वसूल करणे व शांतता राखणे हे देशमुखाचे काम; हिशेबाची दप्तरे देशपांडे ठेवी. गावात हीच कामे अनुक्रमे पाटील आणि कुलकर्णी करीत. म्हणजे ही चारही आडनावे मुळात हुद्द्यांची नावे होत.

याला पुरावा काय? अकबराच्या दरबारातील अबुल फझल याने सोळाव्या शतकाच्या अखेरीस 'ऐन-इ-अकबरी' हा ग्रंथ लिहिला. त्यात वऱ्हाड सुभ्याविषयी नोंद आहे, की येथे चौधरीला देशमुख, कानुनगोला देशपांडे, मुकादमाला पाटील व पटवाऱ्याला कुलकर्णी म्हणतात.

हे काम वतनी होते. बापामागून ते मुलाकडे जाई. त्यामुळे हुद्दाच घराण्याचे नाव बनला. १८५३ साली वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला. पुढे देशमुखांचे जुने काम संपले. नाव मात्र उरले!

आता नात्याचा प्रश्न. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाला ज्यांचे नाव आहे, ते डॉ. पंजाबराव देशमुख (१८९८–१९६५) अमरावती जिल्ह्यातील पापळचे. त्यांच्या घराण्याचे मूळ आडनाव कदम. 'लोकहितवादी' गोपाळ हरी देशमुख (१८२३–१८९२) यांचे घराणे मूळचे कोकणातील सिधये. पहिले मराठा, दुसरे ब्राह्मण. नाव एकच, पण घराणी अगदी वेगळी! जेवढे परगणे, तेवढी देशमुखी घराणी. मग नाते असेलच असे कसे म्हणावे?

असे इतरत्रही घडले आहे. स्पेनमध्ये 'अल्काल्दे' हे आडनाव आढळते. गावच्या प्रमुखाला तेथे हाच शब्द आहे. तो अरबी 'अल्-काझी' म्हणजे 'न्यायाधीश' या शब्दापासून बनला.

तेव्हा केवळ आडनाव ऐकून कोणाची जात किंवा नाते ठरवू नका. आडनाव पूर्वजांचे काम सांगेल. माणसाची ओळख सांगणार नाही. आपल्या वर्गातील हुद्द्यांवरून आलेली आडनावे वेगळी काढा. घरातील वडीलधाऱ्यांना मूळ आडनाव विचारा आणि वहीत टिपून ठेवा. इतिहासाचे एक साधन तुमच्या हजेरीपटातच आहे!