टाकीवरून घराची पारख

फ्लॅट पाहायला आलेले कुटुंब आधी हॉल पाहते. मग स्वयंपाकघरातला ओटा, त्यावरचा ग्रॅनाइट, बाथरूममधल्या टाइल्स. आजोबा बरोबर असले तर पूर्व कुठे, पश्चिम कुठे याची चौकशी होते. निघता निघता कोणीतरी विचारते, ''पाणी आहे ना?'' आम्ही म्हणतो, ''आहे.'' विषय तिथेच संपतो. माझ्या बांधकाम व्यवसायात हा संवाद इतक्या वेळा झाला आहे, की घर घेणारा माणूस टाइल्सना जेवढा वेळ देतो, त्याच्या दहावा हिस्साही पाण्याला देत नाही, असे मी खात्रीने म्हणू शकतो. टाइल्स पुढे बदलता येतात. पाण्याचा उगम बदलता येत नाही.

हिशेब अगदी साधा आहे. शहरात माणशी रोज १३५ लिटर पाणी धरण्याची पद्धत आहे. चार माणसांच्या घराला ५४० लिटर झाले. चाळीस बिऱ्हाडांच्या इमारतीला रोज साडेएकवीस हजार लिटरच्या वर पाणी लागते. दहा हजार लिटरचा टँकर धरला तर रोजचे दोन टँकर, आणि तरी थोडे कमीच. पुण्याच्या हद्दीत २०१७ साली ११ आणि २०२१ साली २३ गावे आली. कागदावर हद्द एका दिवसात पुढे सरकते. जलवाहिनी मात्र खड्डा खणत, एकेक जोड घालत सरकते. इमारत दोन-तीन वर्षांत उभी राहते आणि नळ मागून येतो. मधल्या काळातला टँकर सोसायटीच्या मासिक वर्गणीत येऊन बसतो. गृहकर्जाचा हप्ता काढताना तो कोणी धरलेला नसतो. म्हणून माझे सांगणे असे, की ''पाणी आहे ना?'' एवढेच विचारू नका. ''कुठून येते, किती येते आणि उन्हाळ्यात काय करता?'' असे तीन प्रश्न विचारा. उत्तर लेखी मागा. चांगल्या बिल्डरला त्याचा राग येणार नाही.

घर घेऊन झाले असेल, तरी पाहण्यासारखे पुष्कळ आहे. वरच्या मजल्यावर शॉवरला जोर नाही, अशी तक्रार असते. कारण गच्चीवरची टाकी तुमच्या डोक्यावर जेमतेम दोन-तीन मीटर असते. दहा मीटर उंचीच्या पाण्याचा दाब चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलो. दहा मजली इमारतीत तळमजल्याच्या नळावर तो तिप्पट होतो. तिथले वॉशर लवकर झिजतात. जमिनीखालची टाकी आणि ड्रेनेजचे चेंबर शेजारी-शेजारी असतील तर सावध राहावे. रात्री साऱ्यांचा वापर थांबल्यावर वरच्या टाकीची पातळी खूण करून ठेवा आणि पहाटे पाहा. ती उतरली असेल, तर कुठेतरी गळती आहे. सेकंदाला एक थेंब गळणारा नळही दिवसाला चार लिटर पाणी घालवतो.

आणि डोक्यावरची गच्ची! एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर एक लिटर. पुण्यात वर्षाला साधारण सातशे मिलिमीटर पाऊस पडतो. शंभर चौरस मीटरची गच्ची असेल आणि वीस टक्के वाया गेले असे धरले, तरी छप्पन्न हजार लिटर हाती लागतात. चौकोनी कुटुंबाची ही शंभर दिवसांची बेगमी. आपण ती पन्हाळीतून रस्त्यावर सोडतो आणि मग रस्ता तुंबला म्हणून पालिकेला बोल लावतो.

पूर्वीच्या लोकांनी हे कोडे कसे सोडवले, ते पाहायचे तर एक रविवार कात्रजला जावे. मुले प्राणिसंग्रहालयासाठी हट्ट करतातच. त्यांना जवळचा तलावही दाखवावा. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, अठराव्या शतकाच्या मध्याला, इथून शहरापर्यंत जमिनीखालून दगडी नळ नेला. पंप नाही, वीज नाही. केवळ उताराच्या जोरावर पाणी पेठांतल्या हौदांत पोचत असे. वाटेत उच्छ्वास ठेवले, म्हणजे हवा मोकळी व्हावी आणि माणसाला आत उतरून गाळ काढता यावा. दुरुस्तीची वाट आधी ठेवून मग बांधकाम करणे, हे आजच्या कित्येक इमारतींच्या डक्टमध्येही दिसत नाही.

दुसरा रविवार खडकवासल्याचा. कांदाभजी आणि भाजलेले कणीस खाऊन परतण्याआधी भिंतीकडे नीट पाहावे. धरणाची उंची न वाढवता अधिक पाणी साठवणारे स्वयंचलित दरवाजे विश्वेश्वरय्यांनी १९०३ मध्ये इथेच प्रथम बसवले. पुढे पानशेतला जावे. १२ जुलै १९६१ रोजी ते धरण फुटले, पाठोपाठ खडकवासलाही गेले आणि मुठेने शहराचा काठ धुऊन नेला. पुराचे पाणी ओसरल्यावर त्याच शहरात पिण्याच्या पाण्याचे हाल झाले. तेव्हा वाड्यांमधल्या जुन्या विहिरी आणि आड लोकांच्या मदतीला आले. एकाच वाटेवर विसंबून राहू नये, हा धडा त्या दिवसांनी दिला. नंतरच्या काळात आम्ही वाडे पाडून इमारती उभ्या केल्या, तेव्हा त्यातल्या कितीतरी विहिरी राडारोड्याने बुजल्या.

आजही जुन्या वाड्याच्या जागी नवी इमारत उभी राहताना आवारात विहीर निघते. ती बुजवली तर दोन मोटारी उभ्या राहतील, असा हिशेब लगेच मांडला जातो. जागामालक, भावी रहिवासी आणि आम्ही व्यावसायिक, तिघेही त्याला मान डोलावतात. त्या वेळी घरातल्या कोणीतरी, विशेषतः ज्यांना रोज पहाटे उठून पाणी भरावे लागते त्यांनी, विहीर राहू द्या म्हणून हट्ट धरावा. तिला जाळी बसवावी, गच्चीचे पाणी गाळून तिच्यात सोडावे. मोटार एक वेळ रस्त्यावर उभी करता येईल; पाणी मात्र ऐन उन्हाळ्यात उसने मागायला शेजाऱ्याकडेही नसते.