खाणावळ

खाणावळ (खानावळ असेही लिहितात) म्हणजे मोबदला घेऊन ठरावीक पदार्थांचे पूर्ण जेवण वाढणारे लहान, बहुधा घरगुती स्वरूपाचे भोजनगृह होय. गावापासून दूर राहणारे कामगार, विद्यार्थी व नोकरदार येथे महिन्याच्या बोलीवर रोज जेवतात. प्रवासी व यात्रेकरू एका वेळेचे पैसे देऊन जेवतात. महाराष्ट्र, गोवा आणि उत्तर कर्नाटक या प्रदेशांत हा शब्द रूढ आहे. उत्तर कर्नाटकातील कन्नड बोलीतही ‘खानावळी’ हा शब्द याच अर्थाने वापरला जातो. ज्वारीची भाकरी व भाजी वाढणाऱ्या लिंगायत खानावळी तेथे प्रसिद्ध आहेत. भोजनालय, मेस, बोर्डिंग आणि मुंबईत लंच होम ही खाणावळीचीच जवळची नावे होत.

स्वरूप

मराठीत ‘हॉटेल’ हा शब्द सर्रास खाण्याच्या ठिकाणासाठी वापरला जातो. परंतु हॉटेल आणि खाणावळ यांत फरक आहे. हॉटेलात गिऱ्हाईक पदार्थांच्या यादीतून निवड करते आणि प्रत्येक पदार्थाचे वेगळे पैसे देते. खाणावळीत त्या दिवशी जे शिजले असेल तेच सर्वांना वाढले जाते. जेवणाच्या वेळाही ठरलेल्या असतात. दुपारची पंगत संपल्यावर चूल विझते ती संध्याकाळीच पुन्हा पेटते. पूर्वी जेवणारे पाटावर ओळीने बसत व वाढपी पंक्तीतून वाढत जाई. पुढे टेबलखुर्च्या आल्या, तरी अनेक ठिकाणी आग्रहाने वाढण्याची रीत टिकून राहिली. काही खाणावळींत पोटभर जेवणाचा एकच दर असतो. काहींत पोळ्या मोजून व भाताची एक मूद, असे प्रमाण ठरलेले असते. दुसऱ्या प्रकारालाच पुढे ‘राईस प्लेट’ हे नाव मिळाले.

नेहमीच्या जेवणाऱ्यांचा हिशेब वहीत ठेवला जातो. जेवणारा ज्या वेळी येत नाही तो त्याचा ‘खाडा’ होय. आधी कळवलेल्या खाड्यांचे पैसे महिन्याच्या रकमेतून वजा करावेत की नाही, आणि करावेत तर किती, याचे प्रत्येक खाणावळीचे नियम वेगळे असतात. जेवणारे आणि चालक यांच्यातील वादाचेही हे नेहमीचे कारण असते. पुष्कळ खाणावळींत आठवड्यातून एकदा, विशेषतः रविवारी दुपारी, गोडाचे किंवा सामिष जेवण असते आणि त्याच दिवशी संध्याकाळी सुट्टी असते.

खाणावळीचा व्यवहार अशा रीतीने परिचयावर चालतो. रोज तेच लोक जेवायला येत असल्याने उधारी देणे शक्य होते आणि बहुतेक वेळा ते अपरिहार्यही असते. खाणावळीचे बळ आणि तिच्यावरील मोठे संकट, दोन्ही या उधारीतच आहे, हे मुंबईतील गिरणगावाच्या इतिहासावरून स्पष्ट होते.

पूर्वपीठिका

पैसे घेऊन अन्न वाढणे हे जुन्या समाजात फारसे प्रतिष्ठेचे मानले जात नसे. प्रवासी नातेवाइकांकडे वा जातभाईंकडे उतरत, धर्मशाळेत स्वतः शिजवून खात किंवा अन्नछत्रात जेवत. अहिल्याबाई होळकर यांनी भारतातील अनेक तीर्थक्षेत्री धर्मशाळा व अन्नछत्रे उभारली. तीर्थक्षेत्रांत यात्रेकरूंच्या मुक्कामाची व जेवणाची व्यवस्था क्षेत्रोपाध्यायांच्या घरी होत असे. नरसोबाची वाडी, गाणगापूर, पंढरपूर यांसारख्या ठिकाणी आजही दिसणाऱ्या घरगुती भोजनालयांच्या मुळाशी ही व्यवस्था आहे.

शिक्षणासाठी परगावी राहणाऱ्या गरीब ब्राह्मण मुलांपुढे दोन मार्ग असत. घरोघर फिरून शिजवलेले अन्न मागून आणणे म्हणजे माधुकरी. आणि आठवड्याच्या सात वारी सात घरी जेवण्याचे ठरवून घेणे म्हणजे वार लावून जेवणे. दोन्हींत यजमानाचे उपकार मानावे लागत. खाणावळीने या उपकाराच्या जागी पैशाचा व्यवहार आणला. मात्र ज्यांच्यासाठी माधुकरीचे दारही कधी उघडले नव्हते, त्यांना खाणावळीचे दार उघडण्यासाठी आणखी मोठा काळ जावा लागला.

गिरणगावातील खाणावळी

मुंबईतील पहिली कापडगिरणी उभारण्यासाठी कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये कंपनी स्थापन केली. पुढील काळात परळ, लालबाग, भायखळा, वरळी या भागांत गिरण्या वाढल्या आणि रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर या भागांतून हजारो पुरुष कामासाठी मुंबईत आले. घरभाडे परवडत नसल्याने बायकामुले गावीच राहत. एकाच गावचे अनेक जण मिळून चाळीतील एक खोली घेत आणि पाळ्यांप्रमाणे आळीपाळीने तेथे झोपत. अशा खोलीत स्वयंपाकाला ना जागा असे, ना वेळ. ही गरज चाळीतील स्त्रियांनी भागवली.

खाणावळ चालवणारी स्त्री पुष्कळदा गिरणी कामगाराचीच पत्नी वा विधवा असे. नवऱ्याचे आजारपण, बेकारी किंवा अपुरा पगार यांमुळे ती या कामाकडे वळे. वेगळी जागा घेण्याची ऐपत नसल्याने राहत्या खोलीतच चूल, धान्याची पिंपे आणि पंगत यांची सोय करावी लागे. गिरणीच्या पाळ्या पहाटे सुरू होऊन रात्री उशिरा संपत. त्यामुळे तिचा दिवस भल्या पहाटे सुरू होऊन शेवटचा कामगार जेवून गेल्यावर संपत असे. पाणी भरणे, दळण, बाजारहाट, स्वयंपाक, वाढणे आणि भांडी ही सर्व कामे ती व घरातील मुली करीत.

गिरणीचा पगार महिन्याने, तोही काम झाल्यानंतर मिळे. म्हणून जेवणाचे पैसेही महिन्यानंतरच हाती येत. धान्य, तेल व जळण मात्र आधी आणावे लागे. खाणावळवाली वाण्याकडून उधारीवर माल आणी किंवा सावकाराकडून व्याजाने पैसे घेई. कामगाराने महिन्याअखेर पैसे चुकते केले, की त्यातील बराच भाग वाण्याला व सावकाराला जाई. एखादा कामगार पैसे न देताच गावी निघून गेला, तर ते नुकसान तिलाच सोसावे लागे. कामगारांच्या संपकाळात ही साखळीच तुटत असे. पगार थांबला तरी जेवण थांबवता येत नसे. रोज पंगतीला बसणाऱ्याला ताटावरून उठवणे तिला जड जाई, आणि संप मिटल्यावर थकबाकी वसूल होण्याची आशाही असे. या अर्थाने संपाचा खर्च काही अंशी खाणावळवाल्यांनी उचलला. कामगार चळवळीच्या इतिहासात मात्र त्यांची नोंद अभावानेच झाली.

अन्नपूर्णा महिला मंडळ

१९७३-७४ च्या गिरणी संपात खाणावळवाल्यांची ही स्थिती कामगार चळवळीतील कार्यकर्त्या प्रेमा पुरव यांच्या लक्षात आली. गोवा मुक्तिलढ्यात भाग घेतलेल्या पुरव यांनी १९७५ मध्ये या स्त्रियांना एकत्र आणून अन्नपूर्णा महिला मंडळाची स्थापना केली. सावकारी कर्जातून सुटका हे पहिले उद्दिष्ट होते. १९६९ मध्ये बँकांचे राष्ट्रीयीकरण झाल्यानंतर लहान व्यावसायिकांना कर्ज देण्याचे धोरण आले होते. परंतु तारणाला काही नसलेल्या, बहुतांशी निरक्षर स्त्रियांपर्यंत ते पोहोचत नव्हते. मंडळाने स्त्रियांचे गट केले आणि गटातील सर्वांनी परस्परांची हमी घ्यावी, अशी पद्धत स्वीकारली. १४ स्त्रियांच्या पहिल्या गटापासून हे काम वाढत गेले. बँकेच्या कागदपत्रांत व्यावसायिक म्हणून नाव लागणे, ही या स्त्रियांच्या दृष्टीने कर्जाइतकीच महत्त्वाची गोष्ट होती; कारण तोवर त्यांचे काम घरकामातच जमा होत असे. पुढे मंडळाने कार्यालयांना जेवण पुरवण्याचे काम हाती घेतले आणि नवी मुंबईत वाशी येथे केंद्र उभारले.

१८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार सहभागी होते. हा संप कधीच विधिवत मागे घेतला गेला नाही. अनेक गिरण्या बंद पडल्या, कामगार गावी परतले आणि त्यांच्या नावावरील खाणावळीची थकबाकीही बुडाली. गिरण्यांबरोबर गिरणगावातील घरगुती खाणावळींचा जुना आधार संपला.

जातिभेद आणि प्रवेशाचा हक्क

शिजवलेले अन्न कोणी रांधले आणि कोणाच्या पंक्तीला बसून खाल्ले, यांवर जातिव्यवस्थेची कडक बंधने होती. १८९० मध्ये पुण्यातील पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्यावरून लोकमान्य टिळक, न्यायमूर्ती रानडे आदींवर ग्रामण्याचा प्रसंग आला. खाणावळीही जातवार असत. ब्राह्मणी खाणावळीत शाकाहारी जेवण मिळे व तेथे इतरांना प्रवेश नसे किंवा त्यांची पंगत वेगळी असे. मुंबईत दादर येथे १९१० मध्ये सुरू झालेले मामा काणे यांचे उपाहारगृह आरंभी ‘दाक्षिणात्य ब्राह्मण’ अशा नावाने ओळखले जाई. ‘मराठा खाणावळ’ हा शब्द आजही पाट्यांवर दिसतो. तो आता मुख्यतः सामिष जेवण मिळते एवढेच सुचवतो.

अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींना या सर्व ठिकाणी मज्जाव होता. १९१७ मध्ये परदेशातून शिकून बडोदे संस्थानात नोकरीसाठी गेलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना तेथील हिंदू हॉटेलांत जागा मिळण्याची शक्यता नव्हती. पारशी नाव सांगून ते एका पारशी पथिकाश्रमात राहिले; पण अकराव्या दिवशी काठ्या घेऊन आलेल्या जमावामुळे त्यांना ती जागा सोडावी लागली. या अनुभवाची हकिकत त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. याउलट कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी गंगाराम कांबळे या अस्पृश्य गृहस्थांना चहाचे दुकान काढण्यासाठी साहाय्य केले आणि तेथे स्वतः जाऊन सर्वांसमक्ष चहा घेतला. निरनिराळ्या समाजांतील विद्यार्थ्यांच्या राहण्याजेवणासाठी १९०१ पासून त्यांनी कोल्हापुरात वसतिगृहेही सुरू करवली.

भारतीय संविधानाच्या अनुच्छेद १५ (२) नुसार दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे व हॉटेले यांत धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान या कारणांवरून प्रवेश नाकारता येत नाही. अस्पृश्यतेच्या आचरणाला शिक्षा देणारा कायदा १९५५ मध्ये झाला.

प्रादेशिक प्रकार

पुणे व मुंबईतील शाकाहारी खाणावळींत पोळी, पालेभाजी, उसळ, कोशिंबीर, चटणी, आमटी किंवा वरण, भात आणि ताक असे जेवण असते. पुण्यात टिळक रस्त्यावरील बादशाही बोर्डिंग आणि लक्ष्मी रस्त्यावरील पूना गेस्ट हाउस ही या परंपरेतील जुनी ठिकाणे होत. पूना गेस्ट हाउस मूकपटांच्या काळातील दिग्दर्शक नानासाहेब सरपोतदार यांनी १९३५ मध्ये सुरू केले.

कोल्हापूरच्या खाणावळींत सुके मटण, तांबडा रस्सा व पांढरा रस्सा वाढतात. मालवणी खाणावळींत तळलेली मासळी, माशाची आमटी, भात आणि सोलकढी असते. गोव्यात कढी, भात व तळलेला मासा हेच रोजचे जेवण होय. खानदेशात शेवभाजी, वांग्याचे भरीत व कळण्याची भाकरी मिळते. नागपूरच्या सावजी भोजनालयांचा उगम विणकाम करणाऱ्या हलबा कोष्टी समाजाच्या घरगुती स्वयंपाकात आहे. कापडाशी निगडित श्रमिकांच्या वस्तीतून खाणावळी उदयास येणे, हे मुंबई आणि नागपूर यांतील साम्य लक्षणीय आहे.

प्रवासात खाणावळीचे रूप थोडे वेगळे असते. कोकणातील रस्त्यांवर व किनाऱ्यावरील गावांत ‘घरगुती जेवणाची सोय’ अशा पाट्या दिसतात. येथे पुष्कळदा किती माणसे जेवणार हे आधी सांगावे लागते. त्यानुसार मासळी व भाजी आणली जाते.

सद्यस्थिती

आज खाणावळीचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक विद्यार्थी आहेत. पुण्यातील पेठांत स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणाऱ्यांसाठी अनेक मेस चालतात, आणि तेथे जेवणाऱ्यांत मुलींचेही प्रमाण मोठे आहे. गिरणगावातील केवळ पुरुषांच्या पंगतीपेक्षा हा महत्त्वाचा बदल आहे. ज्यांना खाणावळीत जाणे जमत नाही, त्यांना डबा पोहोचवला जातो. मार्च २०२० मधील टाळेबंदीत मेस बंद झाल्याने विद्यार्थ्यांचे हाल झाले आणि त्या चालवणाऱ्या कुटुंबांचे उत्पन्नही थांबले.

स्वस्त जेवणाची गरज ओळखून राज्य शासनानेही योजना राबवल्या. १९९५ मध्ये सत्तेवर आलेल्या युती सरकारने एक रुपयात झुणका-भाकर देणारी केंद्रे सुरू केली. २६ जानेवारी २०२० पासून सुरू झालेल्या शिवभोजन योजनेत दोन चपात्या, भाजी, वरण व भात अशी थाळी १० रुपयांना ठरवण्यात आली. अशा केंद्रांत जेवणाऱ्याला त्याच वेळी पैसे द्यावे लागतात. महिन्याची वही तेथे नसते. हातात पैसे नसलेल्या दिवशीही ओळखीच्या माणसाला जेवू घालणे हे काम अजूनही खाणावळच करते.

अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ नुसार घरातून चालणाऱ्या लहान खाणावळींनाही नोंदणी आवश्यक आहे.

हेही पाहा

माधुकरी
मुंबईचे डबेवाले
गिरणगाव
अन्नछत्र