जुनी घोंगडी घेताना आणि धुताना

जालना जिल्ह्यासह मराठवाड्यातील धनगर कुटुंबे पाळत आलेल्या दख्खनी मेंढीच्या राठ लोकरीची घोंगडी चिंचोक्याची खळ देऊन ताठ केली जाते आणि ही खळ वापरात निघून जाते, म्हणूनच वापरलेली घोंगडी विकत घेताना तिचा मऊपणा हा दोष मानण्याचे कारण नाही. मात्र ती उजेडात धरून कसरीची छिद्रे अवश्य पाहावीत, कारण या किडीच्या अळ्या लोकरीतील केराटिन, म्हणजे आपले केस व नखे ज्याची बनतात ते प्रथिन, खातात. लोकरीच्या तंतूवर सूक्ष्म खवले असतात. गरम पाणी, साबण आणि घासणे एकत्र आले की हे खवले एकमेकांत अडकून कापड आटते व नमद्यासारखे घट्ट होते, आणि ते पुन्हा सैल होत नाही. धुण्याच्या सोड्याने तर तंतूच झिजतो. घोंगडी रिठ्याच्या थंड पाण्यात बुचकळावी आणि न पिळता सावलीत आडवी पसरून वाळवावी.