खुर्ची मिळाली, मताचे काय?

मुळशीहून गोव्याच्या सहलीला जाणारी आपली माणसे समुद्र आणि मोठी चर्च पाहून परततात. पण पणजीजवळच्या रायबंदर गावात १९२३ साली वारलेल्या एका धर्मगुरूचे नाव थोड्यांनाच ठाऊक असते. अमेरिकेतील काळ्या लोकांच्या स्वतंत्र चर्चचा धागा त्यांच्यापर्यंत येतो.

अंतोनियो फ्रान्सिस्को झेवियर आल्वारिस यांचा जन्म १८३६ साली वेर्णे गावी झाला. भिकारी, निराधारांसाठी त्यांनी मदतकार्य उभारले. १८८६ साली पोप आणि पोर्तुगालचा राजा यांनी करार करून इकडच्या चर्चवरील अधिकार वाटून घेतले. श्रीलंकेत गोमंतकीय पाद्र्यांनी सांभाळलेली चर्च परकीय मिशनऱ्यांकडे गेली. आल्वारिस यांनी रोमशी नाते तोडले. १८८९ साली केरळात कोट्टायमला सुरियानी बिशपांनी त्यांना बिशप केले आणि त्यांचे स्वतंत्र कॅथलिक चर्च उभे राहिले.

ऑफिसात सहीचा अधिकार असलेल्या साहेबाशिवाय नेमणुकीचा कागद चालत नाही. चर्चमध्येही तसेच आहे. बिशपने डोक्यावर हात ठेवल्याशिवाय नवा बिशप होत नाही. ज्याला खाली ठेवायचे, त्याच्या डोक्यावर हात ठेवला नाही की झाले! अमेरिकेतील एपिस्कोपल चर्चने १९१८ साली दोन काळ्या धर्मगुरूंना बिशप केले. पण सहायक म्हणून. बिशपांच्या सभेत त्यांना मत नव्हते.

अँटिग्वा बेटावर जन्मलेले जॉर्ज अलेक्झांडर मॅकग्वायर त्याच चर्चमध्ये धर्मगुरू होते. मार्कस गार्वे यांच्या चळवळीत ते आले आणि १९२१ साली त्यांनी काळ्या लोकांसाठी आफ्रिकन ऑर्थोडॉक्स चर्च स्थापले. शिकागोत त्यांना बिशप केले रेने व्हिलात यांनी. आणि व्हिलात यांना १८९२ साली कोलंबोत बिशप केले होते आपल्या गोव्याच्या आल्वारिस यांनी!

आल्वारिस यांचा झगडा काळ्यांसाठी नव्हता, हे खरे. पण त्यांनी उघडलेल्या वाटेने दुसरे अपमानित पुढे गेले. १९८९ साली वॉशिंग्टनमध्ये जॉर्ज स्टॉलिंग्ज या काळ्या कॅथलिक धर्मगुरूनेही इमानी टेंपल काढले आणि पुढे रोमशी नाते तोडले.

काळाराम मंदिराच्या बंद दाराशी १९३० साली उभे राहिलेल्यांच्या नातवंडांना हे समजावून सांगावे लागत नाही. मात्र एक प्रश्न आपण घरीही विचारावा. आपल्या विहार समितीत माता-भगिनींना खुर्ची आहे. त्यांच्या मताला किंमत आहे का?