पट्टा किती लांबतो?

नांदेडला शिखांच्या होला महल्ल्याच्या दिवशी हल्लाबोल निघतो. अरदास म्हणजे प्रार्थना संपते, जयघोष उठतो आणि घोडे, निशाण, उघड्या तलवारी घेऊन जमाव धावत सुटतो. फोटोग्राफरलाही मग पळावंच लागतं, आणि गळ्यातलं धूड छातीवर आपटायला लागतं. निकॉन डी850 कॅमेरा बॅटरी आणि कार्डासह 1005 ग्रॅम, त्यावर 70-200 मिलिमीटरची मोठी लेन्स 1430 ग्रॅम. म्हणजे जवळजवळ अडीच किलो.

अशा वेळी मऊ, ताणला जाणारा पट्टाच बरा, असं कुणालाही वाटेल. गंमत इथेच आहे. ताणणारा पट्टा म्हणजे स्प्रिंग. त्याला लटकलेला कॅमेरा सेकंदाला किती वेळा वर-खाली होईल, हे फक्त एका गोष्टीवरून सांगता येतं: भार पडल्यावर पट्टा किती लांबला! कॅमेरा कुठला, वजन किती, काही विचारू नका. पट्टा 6 सेंटीमीटर लांबला, तर सेकंदाला सुमारे दोन हेलकावे. आपण चालतोही सेकंदाला साधारण दोन पावलं, आणि दर पावलाला अंग एकदा वर-खाली होतं. झोक्याला नेमक्या वेळी धक्का द्यावा तसं प्रत्येक पाऊल कॅमेऱ्याला आणखी उसळवतं. 3 सेंटीमीटर लांबला, तर हेलकावे तीनच्या जवळ जातात, म्हणजे पळण्याची लय! सेंटीमीटरभरच लांबणारा पट्टा मात्र पाचच्या आसपास जातो, पावलांच्या तावडीतून सुटतो.

लातूरच्या लग्नसराईत दुखणं वेगळं. तिथे पळापळ कमी, पण हळदीपासून पाठवणीपर्यंत ओझं अंगावरच. इथे रुंदी कामाला येते: 1 सेंटीमीटरऐवजी 4 सेंटीमीटरचा पट्टा पूर्ण टेकला, तर दाब चौथाई. मात्र रुंद पण ताठ पट्टा खांद्याच्या उतारावर कडेनेच टेकतो आणि तिथेच रुततो. गळ्यात घालण्यापेक्षा तिरपा, एका खांद्यावरून दुसऱ्या बगलेखाली घेतलेला पट्टा मला केव्हाही बरा वाटतो. मानेचे स्नायू तरी सुटतात. दोन कॅमेरे असतील, तर दोन्ही खांद्यांवरचा हार्नेस.

दुकानात पट्ट्याची गादी दाबून बघण्याआधी त्याला आपला कॅमेरा लेन्ससकट लटकवावा आणि पट्टा किती लांबला ते मोजपट्टीने मोजावं. मोठ्या लेन्सला ट्रायपॉडची कॉलर असेल, तर पट्टा तिथे अडकवावा. सगळा भार कॅमेऱ्याच्या माउंटवर नको. पट्टा खालच्या पाव इंची स्क्रूवर असेल, तर तो हलून हलून सैल होतो. म्हणून कॅमेऱ्याच्या कडीला एक जादा दोरी बांधावी, आणि स्क्रू मधूनमधून बोटाने चाचपावा.