सासूबाईंच्या नावावरची मोटार

प्रत्येक घरात एक तरी अशी वस्तू असते, की जी ठेवावी तर अडचण आणि टाकावी तर मन होत नाही. कुणाकडे तांब्याचा बंब असतो, कुणाकडे पायाचं शिवणयंत्र. आमच्या पौडच्या घरी ती वस्तू म्हणजे १९८५ सालची मारुती मोटार. माझ्याहून वयाने मोठी! गेली अडीच वर्षं मी तिची डागडुजी करते आहे. बायका विणकाम करतात, बागकाम करतात, तसं हे माझं मोटारकाम. “तुला गं कसली ही हौस?” असं मैत्रिणी विचारतात, म्हणून हा लेखप्रपंच.

जपानहून आलेलं बियाणं

मारुतीला आपण आपली देशी गाडी म्हणतो, पण तिचं मूळ जपानचं. सरकारने १९८१ मध्ये मारुती उद्योग ही कंपनी काढली आणि १९८२ मध्ये जपानच्या सुझुकी कंपनीशी करार केला. सुझुकीची १९७९ मधली छोटी ‘फ्रोंटे’ गाडी आणि तीन सिलिंडरचं ७९६ सीसीचं इंजिन, यातून मारुती ८०० झाली. सुरुवातीच्या गाड्यांचे सुटे भाग पेट्यांतून जपानहून यायचे आणि गुरगावच्या कारखान्यात जोडले जायचे. भाग इथे बनवायचं काम पुढे हळूहळू वाढत गेलं.

पहिल्या गाडीची किल्ली १४ डिसेंबर १९८३ रोजी पंतप्रधान इंदिरा गांधींनी दिल्लीच्या हरपाल सिंग यांना दिली. चिठ्ठ्या टाकून त्यांचा नंबर लागला होता. या गृहस्थांनी ती गाडी २०१० मध्ये मरेपर्यंत विकली नाही. त्यांच्यामागे ती गंजत उभी राहिली. पुढे कंपनीनेच ती दुरुस्त करून आपल्या मुख्य कार्यालयात ठेवली. ही हकिगत मी घरात मुद्दाम दोन-तीनदा सांगितली. का, ते पुढे येईलच.

आमची गाडी त्याच पहिल्या घाटाची, चौकोनी तोंडाची. १९८६ मध्ये हा घाट बदलला. मामंजींनी दहा हजार रुपये भरून नंबर लावला होता आणि गाडी हाती यायला दोन वर्षं लागली, असं सासूबाई सांगतात. मारुती ८०० शेवटी जानेवारी २०१४ मध्ये बंद झाली. तोवर पंचवीस लाखांहून जास्त गाड्या देशात खपल्या होत्या. म्हणजे सुटे भाग अजून मिळतात, हा मोठाच दिलासा. पण पहिल्या घाटाचे दिवे, काचेची रबरं, दारांच्या कड्या यांसाठी मात्र पुण्याच्या नाना पेठेतली दुकानं आणि बुधवार-रविवारचा जुना बाजार पालथा घालावा लागतो.

गाडी कुणाची?

२०२३ मध्ये मामंजी गेले. तेरावं झालं, पाहुणे पांगले आणि विषय निघाला गाडीचा. धाकटे भाऊजी म्हणाले, “मोडीत देऊन टाकू. पत्रा सडलाय. उगाच अंगण अडलंय.” आमचे हे गप्प. त्यांना वडिलांची आठवण होती, पण खर्चाची धास्तीही होती. त्यांचंही चूक नव्हतं. मुलीच्या कॉलेजची फी डोळ्यांपुढे होती.

सासूबाई आतून आल्या आणि एवढंच म्हणाल्या, “आधी ती माझ्या नावावर करा. मग काय ते मी सांगीन.”

सगळे चपापले. घर मामंजींच्या नावावर, शेत दिरांच्या आणि आमच्या नावावर, बँकेतलं खातं जोडीचं. पंच्याहत्तर वर्षांच्या या बाईच्या एकटीच्या नावावर आजवर काहीही नव्हतं, हे त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं. लग्न होऊन मला चौदा वर्षं झाली होती.

मैत्रिणींनो, हा भाग नीट वाचून ठेवा, कारण ही वेळ कुठल्याही घरावर येते. गाडीचा मालक वारला, तर वारसाने तीस दिवसांच्या आत आरटीओला कळवायचं असतं. तीन महिन्यांपर्यंत गाडी वापरता येते आणि तेवढ्या मुदतीत नाव बदलण्यासाठी फॉर्म ३१ भरून द्यायचा असतो. सोबत मृत्यूचा दाखला, नोंदणीपुस्तक, विम्याचे कागद आणि बाकीच्या वारसांची संमती लागते. भाऊजींनी संमतीवर सही केली. थोडे कुरकुरले, पण केली. आणखी एक सोय लक्षात ठेवा. २०२१ पासून नोंदणीपुस्तकात वारस म्हणून एका माणसाचं नाव आधीच लिहून ठेवता येतं. आपल्या यजमानांच्या गाडीच्या कागदांवर ते आहे का, हे आजच बघा.

नवं पुस्तक आलं, तेव्हा सासूबाईंनी चष्मा लावून आपलं नाव दोनदा वाचलं. मग माझ्याकडे देत म्हणाल्या, “आता ही चालती कर.” हरपाल सिंगांची गोष्ट मी तेव्हा पहिल्यांदा काढली.

पावसाशी गाठ

मुळशीचा पाऊस काय सांगावा! ज्या पावसाच्या भरवशावर टाटांनी शंभर वर्षांपूर्वी इथे विजेसाठी धरण बांधलं, तोच पाऊस पत्र्याचा वैरी. ताम्हिणीकडून ढग उतरले की चार महिने घरातलं मीठसुद्धा पाझरतं. मग मोटारीची काय कथा?

गाडीतला गालिचा उचलला, तर खाली पाय ठेवायच्या जागी पत्र्याला भोकं. बॅटरीच्या खाली, दारांच्या तळाशी, मागच्या चाकांच्या कमानीत तीच गत. पिरंगुटचे आमचे मिस्त्री म्हणाले, “ताई, दोन रस्ते आहेत. लांबी भरून रंग मारला, तर दिवाळीला नवी दिसेल आणि पुढच्या श्रावणात फुगेल. सडका पत्रा कापून नवा जोडला, तर वेळ जाईल, पण टिकेल.” फोडणी करपली तर ती टाकून नवी करावी लागते, वरून कोथिंबीर भुरभुरून भागत नाही. आम्ही दुसरा रस्ता धरला. पत्रा कापून वेल्डिंग केलं, गंजरोधक प्रायमर दिला आणि मग रंग. रंग मूळचाच, पांढरा.

दारांच्या तळाला बारीक भोकं असतात. काचेवरून आत गेलेलं पाणी त्यातून निथळावं, म्हणून ती असतात. चिखलाने ती बुजली की दार आतून सडतं. ही भोकं जुन्या ब्रशने मोकळी ठेवणं हे माझं जून महिन्यातलं पहिलं काम. गाडीवर प्लॅस्टिकचं कापड घट्ट गुंडाळू नका. ओल आतच कोंडते. त्यापेक्षा वर छप्पर आणि बाजूंनी वारा बरा.

इंजिनची ओळख

इंजिनाचं मला भय वाटायचं. पण गरज पडली की शिकता येतं. शाळेचे तास सकाळी साडेदहाला संपतात. शनिवारी तिथूनच गॅरेजमध्ये जाऊन बसायची. प्लग काढून बघायला मिस्त्रींनीच शिकवलं. त्याचं टोक फिकट तपकिरी असेल तर ठीक, काजळी धरली असेल तर पेट्रोल जास्त जातंय. कार्बोरेटर खोलून साफ करणं, डिस्ट्रिब्युटरमधल्या पॉइंटची फट मोजणं, फॅन बेल्ट ताणून बघणं ही कामं आता मी घरी करते. टायमिंग बेल्ट, ब्रेक आणि वेल्डिंग मात्र मिस्त्रींकडेच. जिथे जिवाचा प्रश्न आहे, तिथे हौस करू नये.

एक नवी अडचणही आहे. २०२५ पर्यंत देशभर पंपांवर वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल आलं. जुन्या गाड्यांचे रबरी पाइप आणि वॉशर त्याने फुगतात नि चिरतात. शिवाय इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. म्हणून पेट्रोलचे सगळे पाइप आम्ही इथेनॉल सोसणारे बसवले. गाडी महिनोन् महिने उभी ठेवत नाही. पेट्रोलचा वास आला, तर गाडी सुरू न करता आधी पाइप तपासायचे, हा घरातला नियम.

पैशाचं काय?

हा प्रश्न खरा. खर्च एकदम केला असता तर तो झेपलाच नसता. मी एक वेगळी वही केली आणि माझ्या अर्धवेळ पगारातून महिन्याला तीन हजार रुपये बाजूला काढले. त्यात बसेल तेवढंच काम, बाकीचं पुढच्या महिन्यात. म्हणून अडीच वर्षं लागली. फीला मात्र धक्का लागला नाही.

कागदांचा खर्चही धरायचा. आपल्याकडे पंधरा वर्षं झाली म्हणून खासगी गाडी मोडीत काढावीच लागते असं नाही. तपासणीत पास झाली, तर नोंदणी पाच-पाच वर्षांनी वाढवून मिळते. पण त्याची फी एप्रिल २०२२ मध्ये सहाशेची पाच हजार झाली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या मोटारींसाठी दहा हजार. वर पर्यावरण कर, विमा, पीयूसी आणि एप्रिल २०१९ आधीच्या गाड्यांना लागणारी नवी नंबरप्लेट. जपानमध्येही तेच. तिथे घरच्या गाडीची दर दोन वर्षांनी सक्तीची तपासणी असते आणि तेरा वर्षांवरच्या पेट्रोल गाडीला जास्त कर बसतो. तरीही तिथले शौकीन जुन्या गाड्या जपतातच.

आमची मुदत २०२५ च्या ऑक्टोबरात संपत होती. तपासणीला गाडी मीच नेली. शेजारी मालकीणबाई बसल्या होत्या. दिवे, ब्रेक, हॉर्न, धूर सगळं पाहून झालं आणि गाडी पास झाली. आता दर गुरुवारी त्यांना पिरंगुटला गुडघ्यांच्या व्यायामाला मी याच गाडीतून नेते. परवा भाऊजी आले, तेव्हा सासूबाईंनी त्यांना विचारलं, “स्टँडपर्यंत सोडू का रे?” आणि हसल्या.

घरच्या घरी करण्यासारखं

ज्यांच्या अंगणात अशी एखादी जुनी गाडी उभी आहे, त्यांच्यासाठी थोडं:

आठवड्यातून एकदा तरी गाडी आठ-दहा किलोमीटर चालवावी. नुसती जागेवर सुरू करून बंद केली, तर धुराच्या नळीत पाणी साठतं.

बॅटरीच्या टोकांवर पांढरं किटण धरलं, तर टोकं सोडवून खायच्या सोड्याच्या पाण्याने धुवावीत, कोरडी करावीत आणि जोडल्यावर थोडं व्हॅसलीन लावावं.

पावसाळ्यात गालिचे काढून ठेवावेत. उंदीर वायरी कुरतडतात, म्हणून गाडीत शेंगदाणे, बिस्किटं काही सांडू देऊ नये.

टायर वरून चांगला दिसला तरी त्याचं वय बघावं. कडेला चार आकडे असतात. २३२१ म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा.

इंजिन गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडू नये. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कधीही शिरू नये.

आणि केलेलं प्रत्येक काम तारखेसह वहीत लिहावं. काय बदललं, किती पैसे पडले, पुढे कधी बघायचं. वही कागदपत्रांबरोबर ठेवावी, म्हणजे आपल्यानंतर ज्याच्या किंवा जिच्या हाती गाडी जाईल, तिला ती परकी वाटणार नाही.